अंगठा आपला, नंबर कुणाचा?

(सामुदायिक रेडिओच्या महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

चुलीवर तवा असेल तर भाकरी भाजत राहा, हातातलं काम थांबवू नका. नुसते कान इकडं द्या. आम्ही धाराशिव जिल्ह्यातल्या बचत गटाच्या बाया. आमच्यात कुणी रोजानं खुरपायला जातं, कुणी अंगणवाडीत आहे, कुणी शेवया-कुरडया करून विकतं, कुणी चार शेळ्या राखतं. माईकसमोर एकीचाच आवाज असला तरी बोलायचं काय ते आम्ही मागच्या बैठकीत मिळून ठरवलं. म्हणून आज सगळं 'आम्ही' म्हणूनच ऐका.

आजचा विषय आहे मोबाईल आणि आपलं काम. शहरात सध्या मोठी चर्चा चाललीय, की आता यंत्रच विचार करायला लागलं, मग माणसाच्या कामाचं काय होणार? आपल्याकडं ही चर्चा पोचायच्या आधीच यंत्र पोचलंय. रोजगार हमीची हजेरी मोबाईलवर, मजुरी आधारवर, पिकाची नोंद मोबाईलवर, अंगणवाडीतल्या लेकराचं वजनसुद्धा मोबाईलवर. तेव्हा पुढं काय होणार याची काळजी करण्याआधी आत्ता काय चाललंय ते नीट बघू या.

सुरुवात अंगठ्यापासून करू. आमच्या आया-सासवांना लोक अंगठाबहाद्दर म्हणायचे. शाई लावून कागदावर अंगठा उठवायचा, वर काय लिहिलंय ते वाचता यायचं नाही. मग साक्षरतेचे वर्ग आले, बचत गट आले, आम्ही सही शिकलो. गटाच्या वहीत पहिल्यांदा स्वतःच्या नावाची सही केली तेव्हा हात कसा कापत होता, ते आम्हाला अजून आठवतं. आणि आता बघा. पैसे काढायला गेलं की समोर मशीन येतं आणि म्हणतात, "मावशी, अंगठा ठेवा." सही येते म्हटलं तर सहीला कुणी विचारत नाही. अंगठा ठेवावा तर तो लागत नाही!

तो का लागत नाही? मशीन बघतं बोटावरच्या बारीक रेघा. आपल्या रेघा खुरप्यानं, विळ्यानं, शेणा-मातीनं, धुण्याच्या सोड्यानं झिजलेल्या. ज्या बाईनं जास्त काम केलं तिचाच अंगठा मशीनला ओळखू येत नाही, असा हा उलटा न्याय. यात तुमचा काही दोष नाही, म्हणून आधी लाजणं सोडा. आधार काढताना आपल्या दहाही बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांची नोंद घेतलेली असते. एक बोट लागलं नाही तर हात धुऊन, पुसून दुसरं बोट ठेवून बघा. तेही लागेना तर आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्यानं नोंदवता येतात.

अंगठ्याचं निभावलं तरी पुढं ओटीपी असतो. ओटीपी म्हणजे नंबरावर येणारा तो तात्पुरता आकडा. आता खरा प्रश्न, तो नंबर कुणाचा? आम्ही एका बैठकीत हेच विचारलं. निम्म्याहून जास्त जणी म्हणाल्या, मालकाचा. काही म्हणाल्या, लेकाचा. एकीचा नंबर दिराचा होता आणि दीर पुण्याला कामाला. एकीचा तर ज्या दुकानदारानं आधारचा अर्ज भरून दिला त्याचाच निघाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यात देशातल्या १०० बायांमागे ५४ जणींकडंच स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या बाया १००मध्ये ३३, आणि पुरुष ५७. म्हणजे आमच्या बैठकीतली गोष्ट काही आमच्याच गावची नाही.

अंगठा आपला आणि नंबर दुसऱ्याचा. आमचं आजचं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. काम आपण करतो, पण कामाचा पुरावा, कामाचे पैसे आणि कामाचं नाव दुसऱ्याच्या खिशात जातं. मोबाईल आल्यामुळं ही रीत नव्यानं पडली असं समजू नका. घरात, गावात जे नातं आधीपासून आहे, तेच मोबाईलमध्ये जाऊन बसतं, आणि एकदा का बसलं की कॉम्प्युटरच्या नोंदीसारखं घट्ट होतं.

जुनं उदाहरण घ्या, जात्याचं. पहाटे उठून दळण दळायचं हे बाईचं काम. त्याला पैसे नव्हते. मग गावात पिठाची गिरणी आली. आपल्या खांद्यांना आराम मिळाला, ते चांगलंच झालं. जातं परत आणा असं आम्ही कधीच म्हणणार नाही. पण गिरणी आल्याबरोबर दळणाला भाव आला, आणि तो भाव घेणारा गिरणीवाला झाला. बाई डोक्यावर डबा घेऊन रांगेत उभी. हातानं होतं तोवर काम बाईचं, यंत्र आलं की काम गड्याचं.

रानातही तेच. खुरपणी म्हणजे आपला हक्काचा रोज होता. आता सोयाबीनमध्ये तणनाशक फवारतात. फवारायला गडी जातो आणि खुरप्याचे दिवस कमी होतात. काढणीला, मळणीला मशीन येतं, त्यावर बसणाराही गडीच. ऊसतोडीचं बघा. भूम, वाशी, परंडा, कळंबकडून दरवर्षी जोड्या कारखान्याला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मात्र मुकादमाकडून नवरा घेतो, आणि आता ती त्याच्याच मोबाईलवर येते. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते; हिशेबात ती वेगळी कुठंच दिसत नाही. उद्या ऊस तोडायचं यंत्र सगळीकडं फिरायला लागलं तर 'काम गेलेल्यां'च्या यादीत तरी तिचं नाव येईल का? यादी नावांची असते, आणि तिचं नाव आधीपासून लिहिलेलंच नाही.

आता रोजगार हमीकडं येऊ. ही योजना आपल्या महाराष्ट्रानं देशाला दिलेली. वि. स. पागे यांची ती कल्पना. १९७२च्या दुष्काळात आपल्या आया खडी फोडायला, तलावाच्या कामाला गेल्या, सुकडी खाऊन लेकरं जगवली. १९७७ साली राज्यानं त्याचा कायदा केला. पुढं २००५ साली देशाचा कायदा झाला, वर्षाला १०० दिवसांचा. आता डिसेंबर २०२५मध्ये संसदेनं त्या जागी नवा कायदा केलाय, त्यात १२५ दिवस आहेत. कायदा कोणताही असो, बाईसाठी पहिली गोष्ट एकच, आपली हजेरी लागली का?

पूर्वी हजेरी मस्टरवर लागायची. मस्टरवर खोटी नावं चढायची, कामावर न आलेल्याची मजुरी निघायची, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यावर उपाय म्हणून मोबाईलची हजेरी आली. १ जानेवारी २०२३पासून सार्वजनिक कामांवर ती सक्तीची झाली. दिवसातून दोनदा कामाच्या जागेवर फोटो काढायचा, तो वर पाठवायचा. उद्देश चांगला आहे, आम्ही त्याला नावं ठेवत नाही.

पण आमच्या गटातल्या एका बाईचं काय झालं ते ऐका. ती बांधबंदिस्तीच्या कामावर होती. काम डोंगराच्या कडेला, तिथं रेंज नाही. मेट बिचारा मोबाईल वर धरून टेकडीवर फिरायचा. एका आठवड्यात तीन दिवस तिची हजेरी लागली नाही. दोन दिवस दुपारचा फोटोच गेला नाही. तिसऱ्या दिवशी फोटो काढला तेव्हा ती तान्ह्या लेकराला पाजायला झाडाखाली बसली होती. घाम तिचा खरा, खोदलेली माती समोर दिसतेय, पण नोंदीत ती गैरहजर. मेटाला बोलायची तिची हिंमत नव्हती, कारण त्याच्या भावकीच्या रानात ती सुगीला जाते. आज भांडले तर उद्या तिथलं कामही जाईल, हे तिला पक्कं ठाऊक.

तिनं एक गोष्ट मात्र केली होती. पोरीच्या शाळेच्या वहीत, मागच्या पानावर, ती रोज एक रेघ मारायची. काम झालं की रेघ. आम्ही दहा-बारा जणी ती वही घेऊन गेलो. आधी ग्रामरोजगार सेवकाकडं, मग पंचायत समितीत. मोबाईल चालला नाही अशा अडचणीच्या वेळी वरिष्ठांच्या परवानगीनं हजेरी कागदावर मान्य करता येते, हे आम्हाला तिथंच कळलं. सोबतच्या बायांनी सांगितलं, होय, ती आमच्या शेजारी माती टाकत होती. दोन दिवसांची मजुरी मिळाली. तिसऱ्या दिवसाची मिळाली नाही. लेकराला पाजलं तो दिवस बुडाला तो बुडालाच.

त्या दिवसापासून आम्ही दोन गोष्टी शिकलो. एक, यंत्राला जे दिसत नाही ते शेजारणीला दिसतं. तिचा शब्द हाच आपला पुरावा. दोन, तो शब्द एकटीनं द्यायचा नसतो, दहा जणींनी मिळून द्यायचा असतो.

मजुरीची दुसरी अडचणही सांगून ठेवतो, कारण ती गावोगावी आहे. आधारवरून येणारे पैसे आपण सांगू त्या खात्यात येतातच असं नाही. आधारला जे खातं सगळ्यात शेवटी जोडलं गेलं त्यात ते पडतात. आमच्या एकीचे पैसे चार महिने 'आलेच नाहीत'. शोधता शोधता कळलं, कधीतरी एका शिबिरात कुणीतरी तिचा अंगठा घेऊन खातं काढलं होतं आणि पैसे तिथं जाऊन बसले होते. त्या खात्याचं पासबुकही तिनं पाहिलं नव्हतं. म्हणून बँकेत जाऊन विचारा, "माझ्या आधारला कोणतं खातं जोडलंय?" हे विचारायला वकील लागत नाही.

आता शेताचं. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी पिकाची नोंद करायचे. आता शेतकऱ्यानं स्वतः रानात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. नोंद नसली तर सोयाबीन हमीभावानं घालताना अडतं, नुकसानीच्या वेळी अडतं. चांगली सोय आहे, तलाठ्याच्या मागं फिरायला नको. पण या मोबाईलमध्ये शेतकरी कोण? ज्याचं नाव सातबाऱ्यावर तो. आता शेतकऱ्याचा ओळख क्रमांक निघालाय, ज्याला सगळे फार्मर आयडी म्हणतात, तोही सातबाऱ्यावरूनच. पेरणीपासून काढणीपर्यंत रानात वाकलेली बाई त्या मोबाईलच्या लेखी शेतकरीच नाही. ज्या घरात धनी गेला आणि वारसाची नोंद अजून झाली नाही, तिथं तर बाईची दुहेरी अडचण. शेत तीच करते, नोंद मात्र मयत माणसाच्या नावावर.

यावर उपाय मोबाईलच्या दुकानात मिळत नाही. तो तलाठी कार्यालयात आणि त्याच्याही आधी घरात आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता, तो थोरल्या मंडळींना आठवत असेल. नवऱ्यानं राजीखुशीनं बायकोचं नाव जमिनीला लावायचं. तेव्हा कुणाच्या हातात मोबाईल नव्हता. पण ज्या घरांनी तेव्हा ते केलं, त्या घरातली बाई आज शेतकरी म्हणून नोंदणी करू शकते. जमिनीच्या कागदावर घरात जे ठरलं, तेच मोबाईलनं उचललं.

आता थोडं बाजाराचं बोलू. मोबाईलचा फायदा आम्ही पुरेपूर घेतलाय, ते लपवत नाही. आमच्या एका मैत्रिणीच्या शेवया, कुरडया, सांडगे आधी गावातच खपायचे. मग सुनेनं फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकले. सोलापूर, लातूर, पुण्याहून मागणी आली. उन्हाळ्यात घराच्या माळवदावर पाय ठेवायला जागा नसायची, एवढं वाळवण. पैसे घ्यायला लेकानं क्यूआर कोड काढून दिला, तो काळा-पांढरा चौकोन. कोड कुणाच्या खात्याचा? लेकाच्या. पीठ आईचं, उन्हात पाठ आईची, पैसे लेकाच्या खात्यात. लेक वाईट नाही हो. त्यानं सहज केलं, त्याच्याकडं मोबाईल होता म्हणून. पण त्यातून गाडीचा हप्ता गेला, आणि आईनं उडदाची डाळ आणायला पैसे मागितले तेव्हा त्याला मागावे लागले. स्वतः कमावलेले पैसे मागावे लागणं म्हणजे काय, ते इथं ऐकणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

तिनं भांडण केलं नाही. तिनं गटात विषय काढला. आम्ही तिच्यासोबत बँकेत गेलो, तिच्या खात्याचा कोड काढला, आणि पिशवीवर तोच चिकटवला. लेक आठ दिवस गप्प होता. आता तोच गाडीवरून पिशव्या पोचवतो आणि त्याचे पैसे आईकडून घेतो. घरातलं नातं तुटलं नाही, उलट हिशेब सरळ झाला. सुनेनंही सांगून टाकलं, फोटो मी काढते, मागणी मी लिहून घेते, मग माझाही वाटा. सासूनं दिला. आमच्या बैठकीत त्या दिवशी टाळ्या वाजल्या, त्या सासूसाठी जास्त.

इथवर आम्ही दुसऱ्यांचं सांगितलं. आता आमची स्वतःची चूक सांगतो. ती सांगायची की नाही यावर आमच्यात वाद झाला, शेवटी सांगायची ठरली.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटानं बैठकीचे निरोप व्हॉट्सॲपवर द्यायला सुरुवात केली. सोपं पडायचं. घरोघरी जायला नको, एक मेसेज टाकला की झालं. आमच्यात एक एकटी बाई आहे. नवऱ्यानं टाकलेली, पोरगं लहान, घर वस्तीच्या शेवटच्या टोकाला. तिच्याकडं साधा बटणाचा मोबाईल. तिला निरोप मिळेनासा झाला. एक बैठक चुकली, दोन चुकल्या. आम्हाला वाटलं, तिलाच गोडी राहिली नाही. कर्जाचे अर्ज भरायचे होते तेव्हाही मेसेज टाकला. ज्या आल्या त्यांचे अर्ज भरले. तिला दोन शेळ्या घ्यायच्या होत्या, वर्षभर ती तेच बोलत होती. तिचा अर्ज राहिला. मग तिनं सावकाराकडून पैसे उचलले, आणि त्याचं व्याज अजून फिटलेलं नाही.

हे कळलं तेव्हा एकजण म्हणाली, "मोबाईलमुळं झालं." थोरल्या आक्का म्हणाल्या, "मोबाईलमुळं कसं? तिचं घर काय दोन कोसावर आहे? आपले पाय कुठं गेले होते?" सगळ्या गप्प झाल्या. खरंच होतं ते. इतकी वर्षं जो गट नात्यावर चालला, तो आम्ही एका मेसेजवर सोपवला, आणि जिच्याकडं सगळ्यात कमी होतं तीच पहिली बाहेर पडली. सरकारी कार्यालयात आपला अंगठा लागत नाही म्हणून आपण रडतो. आम्ही आमच्याच मैत्रिणीला तशीच वागवली होती. आता आम्ही नियम केलाय. मेसेज जाईल, पण ज्यांच्याकडं मोठा मोबाईल नाही त्यांच्या दारात शेजारीण जाऊन तोंडी निरोप देईल, आणि सगळ्यांना निरोप पोचला अशी खात्री झाल्याशिवाय पैशाचा ठराव होणार नाही.

मग बायांनो, करायचं काय? नवं तंत्र आपल्या जिल्ह्यात काही पहिल्यांदा येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट आठवा, किल्लारीच्या भूकंपाची. उमरगा-लोहारा भागातल्या आयाबायांना काय सोसावं लागलं ते आम्ही वेगळं सांगायला नको. त्यानंतर घरं बांधायचं, दुरुस्त करायचं मोठं काम निघालं. दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवदाचं ओझं, अशी आपली घरं. ती भूकंपात टिकतील अशी कशी करायची, हे तेव्हा गावाला नवं होतं. त्या वेळी प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकारानं गावोगावच्या बाया संवाद सहायक झाल्या. सरकारकडून काय मिळणार, बांधकामात काय बघायचं, हे त्यांनी घराघरात जाऊन सांगितलं, आणि लोकांच्या अडचणी वर नेऊन पोचवल्या. त्यातल्या कित्येक जणी कधी शाळेत गेल्या नव्हत्या. पण कुणाच्या घरात म्हातारी एकटी आहे, कुणाचं नाव यादीत राहिलंय, हे त्यांना तोंडपाठ होतं. तंत्र इंजिनिअरचं होतं, ते घरात पोचलं ते बायांच्या ओळखीनं. पुढं दुष्काळात त्याच ओळखीवर एक एकर शेतीचं काम उभं राहिलं. घरच्या रानातला एखादा एकर बाईच्या हाती द्यायचा, त्यात काय पेरायचं ते तिनं ठरवायचं, आणि आधी घरच्या ताटाचा विचार करायचा.

दुसरं उदाहरण अंगणवाडीच्या ताईंचं. लेकरांच्या नोंदीसाठी त्यांना सरकारी मोबाईल दिले. ते सारखे अडकायचे, तापायचे, आणि नोंदीचं ॲप इंग्रजीत. रजिस्टर लिहायचं ते लिहायचंच, वर मोबाईलही भरायचा. २०२१च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते मोबाईल परत केले. 'आम्हाला मोबाईल नको' असं त्या म्हणाल्या नाहीत. 'चालेल असा द्या, आणि आमच्या भाषेत द्या' असं म्हणाल्या. एकीनं परत केला असता तर तिला नोटीस आली असती. सगळ्यांनी केला म्हणून बातमी झाली. पुढं नवे मोबाईल आले. २५ एप्रिल २०२२ला तर सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. मानधन म्हणून जे हातावर ठेवलं जातं, ते कामच आहे, हे त्यातून पुढं आलं.

नव्या कामांकडंही आपण पाठ फिरवायची नाही. बँकेचं मशीन घेऊन दारात येणारी बँक सखी आपल्यातलीच आहे. एखादीचा अंगठा लागेना तर ती तिला हाकलत नाही, दुसरं बोट ठेवायला सांगते, कारण उद्या पाणवठ्यावर तिला तोंड दाखवायचंय. २०२३मध्ये केंद्र सरकारनं बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायची योजना काढली, १५ हजार गटांसाठी. गिरणीच्या वेळी जे झालं नाही ते इथं होऊ शकतं, यंत्र बाईच्या हातात येऊ शकतं. पण डोळे उघडे ठेवा. ड्रोन गटाच्या नावावर आणि उडवणारा भलताच, भाडं भलत्याच्याच खात्यात, असं झालं तर ते पुन्हा जातं-गिरणीच. आणि जिचा खुरप्याचा रोज त्या फवारणीनं जाईल, तिच्या कामाचाही विचार त्याच गटानं करायचाय.

आता जाता जाता चार कामं सांगतो. कागद-पेन असेल तर लिहून घ्या, नसेल तर पोरीला लक्षात ठेवायला सांगा.

पहिलं काम नंबराचं. साधा मोबाईल का असेना, सिम आपल्या नावाचं घ्या, नंबर पाठ करा, आणि आधार केंद्रावर जाऊन तो आधारला जोडा. ओटीपी कुणालाही सांगू नका, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही.

दुसरं काम वहीचं. कामावर गेलं की रेघ मारा, तारीख लिहा. पैसे काढायला अंगठा ठेवला की पावती मागा. "लागला नाही, परत ठेवा" असं म्हणाले तर आधी खात्यातली शिल्लक विचारा. पैसे गेल्याचं कळलं तर वेळ न घालवता १९३० या नंबरावर फोन करा आणि बँकेत कळवा.

तिसरं काम नावाचं. सातबाऱ्यावर, घराच्या उताऱ्यावर, विक्रीच्या कोडावर आपलं नाव आहे का ते बघा. घरात विषय काढायचा धीर होत नसेल तर आधी गटात काढा.

चौथं काम पायाचं. येत्या बैठकीच्या आधी, जी बरेच दिवस आली नाही तिच्या दारात जा. तिला मोबाईल येत नसेल तर शिकवा. शिकवायला कॉलेजात जाणाऱ्या पोरी घरोघरी आहेत, त्यांना मान द्या, चहा द्या, त्या हौसेनं शिकवतात. आमच्यात एका सुनेनं सासूला मेसेज वाचायला शिकवलं. आता सासू रोज सकाळी तिलाच बातम्या सांगते.

आणि ती शेळ्यांवाली मैत्रीण? मागच्या महिन्यात तिचा अर्ज आम्ही सगळ्यांच्या आधी भरला. ओटीपी तिच्याच बटणाच्या मोबाईलवर आला. तिनं तो आकडा एकेक करून मोठ्यानं वाचला, आणि अंगठा ठेवायच्या आधी विचारलं, "सहीपण करू का? मला येते." आम्ही वही पुढं केली.

तव्यावरची भाकरी उलटा आता.